ईएसपी८२६६ चा वेबसर्व्हर: वायफायला जोडलेला दिसतो, पण पान उघडत नाही

गच्चीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घर सांगलीत, तळमजला अधिक एक. नळाचं पाणी अंगणातल्या हौदात उतरतं आणि तिथून मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवतो. टाकी वाहायला लागली की शेजारचे काका हाक मारतात, ही आमची सध्याची अलार्म यंत्रणा. ती बदलायची म्हणून नोडएमसीयू (ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप बसवलेला छोटा बोर्ड), टाकीच्या झाकणात पाणी लागलं तरी चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) असा घाट घातला. बोर्ड स्वतःच छोटा वेबसर्व्हर चालवतो. फोनवर त्याचा आयपी टाकला की टाकीची पातळी आणि मोटर चालू-बंदचं बटण दिसतं.

टेबलावर सगळं सुरळीत चाललं. गच्चीवर नेलं आणि नाटकं सुरू. कधी पान पटकन उघडतं, कधी नुसतं चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'साइट उघडता येत नाही'. बोर्ड रीसेट केला की पुन्हा थोडा वेळ ठीक. लॅपटॉप वर नेऊन सिरियल मॉनिटर (बोर्ड केबलवरून काय छापतो ते दाखवणारी खिडकी) लावला तर वायफाय.स्टेटस() कायम ३ दाखवतं, म्हणजे जोडलेलं. राउटरच्या यादीतही बोर्ड दिसतो. मग अडतंय कुठे?

मेहुणा म्हणतो ईएसपी३२ घे. बायको म्हणते काकांची हाक बरी.

चौकस

राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ कळतं. दोन्हींना वेगवेगळी नावं द्या, सुटेल.

खुंटी

@चौकस, तसं असतं तर बोर्डाला नेटवर्कचं नावच दिसलं नसतं आणि स्टेटस १ आला असता. इथे ३ येतोय.

गच्चीकर, 'वायफाय चालत नाही' ही माझ्या मते तक्रारच नाही. त्या एका वाक्यात चार वेगळे बिघाड लपतात आणि चारांची औषधं वेगळी. आधी पायरी ठरवा.

बोर्ड राउटरला जोडला गेला का, ही पहिली. तिथे अडलं तर स्टेटसचा आकडा सांगतो: १ म्हणजे नाव सापडत नाही, ४ म्हणजे जोडणी फसली, ६ म्हणजे पासवर्ड चुकला, ७ म्हणजे तुटलेलं. (हे ८२६६ चे आकडे. ईएसपी३२ मध्ये ६ म्हणजे तुटलेलं, त्यामुळे नेटवरचे आकडे डोळे झाकून घेऊ नका.) जोडला गेला पण डीएचसीपीकडून (राउटरची पत्ते वाटणारी सोय) पत्ता मिळाला का, ही दुसरी. ०.०.०.० दिसलं की तिथेच थांबायचं. पत्ता आहे पण त्याच नेटवर्कमधून पिंग (यंत्राला मारलेली 'आहेस का?' अशी हाक) जातं का, ही तिसरी. आणि पिंग जातं पण पान येत नाही, ही चौथी. चौथीवर अडलात तर वायफायला शिव्या देऊ नका, गुन्हेगार तुमचा कोड असतो.

तुम्ही पहिल्या दोन पार केल्यात. आता एवढं सांगा: हॉलमधल्या लॅपटॉपवरून पिंग सलग चालू ठेवलं तर काय दिसतं? वायफाय.आरएसएसआय(), म्हणजे सिग्नलचा जोर, किती? बोर्ड कशात बसवलाय? वीज कुठून घेतलीये? आणि लूपमध्ये (कोडचा सतत फिरत राहणारा भाग) काय काय आहे?

ठिबकताई

वाचनखूण साठवली. बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ठिबकसाठी माझंही असंच काहीतरी अर्धवट पडलंय.

गच्चीकर

पिंगमध्ये बरेचसे 'टाइमआउट'. मधेच ५ मिलिसेकंदांत उत्तर, मधेच ३००-४०० ला. आरएसएसआय पेटीचं झाकण लावल्यावर उणे ८६, उघडल्यावर उणे ७२. पेटी म्हणजे जुन्या स्विचबोर्डची पत्र्याची, घरात पडून होती. मोटरीचा कॉन्टॅक्टर (मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) जिन्याच्या वरच्या खोलीत आहे. तिथल्या प्लगला मोबाइलचा चार्जर लावून लांब यूएसबी केबलने बाहेर टाकीजवळ बोर्डापर्यंत वीज नेलीये. कोड नंतर टाकतो, सध्या लाज वाटेल असा आहे.

बिनतारी

हॅम रेडिओवाला आहे, त्यामुळे पत्र्याची पेटी वाचूनच पोटात गोळा आला.

उणे ७२ आणि उणे ८६ यांत फक्त १४ चा फरक वाटतो, पण डेसिबल हा लॉगरिदमचा मामला. १० डीबीला दहापट, ३ डीबीला दुप्पट. १४ डीबी म्हणजे सुमारे २५ पट. झाकण लावलंत की २५ पैकी २४ हिस्से पत्रा गिळतो. माझा ढोबळ हिशोब असा: उणे ६७ पर्यंत निवांत, उणे ७५ च्या आसपास चालतं, उणे ८० च्या खाली गेलं की पॅकेटं गळायला लागतात, उणे ९० ला विसरा.

दुसरं म्हणजे, आरएसएसआय हा बोर्डाला राउटर किती जोरात ऐकू येतो त्याचा आकडा आहे. राउटरला बोर्ड किती ऐकू येतो ते तो सांगत नाही. राउटरचा आवाज सहसा मोठा, अँटेना मोठ्या, आणि तुमच्या बोर्डावर सर्किटमध्येच छापलेली नागमोडी पट्टी एवढीच काय ती अँटेना. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश घड्या घालून तिथे बसवलेला असतो. अशा अँटेनाजवळ धातू आला की ती नुसती झाकली जात नाही, तिचं ट्यूनिंगच सरकतं. चारी बाजूंनी निदान १५ मिलिमीटर मोकळं हवं. बोर्ड पत्र्याच्या मागच्या भिंतीला स्क्रूने आवळला असेल तर झाकण उघडूनही पूर्ण फायदा मिळणार नाही.

पेटी प्लॅस्टिकची घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात पाऊसपाणी सोसणारा एबीएसचा जंक्शन बॉक्स मिळतो. बोर्ड असा बसवा की अँटेनाचं टोक मोकळ्या बाजूला येईल, त्याच्यासमोर वायरांचं जंजाळ नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: राउटर आणि बोर्ड यांच्या मधे टाकी येते का? पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं. रिकाम्या टाकीतून सिग्नल आरपार जाईल, भरलेल्या टाकीतून नाही. म्हणजे ज्या क्षणी मोटर बंद करायची त्याच क्षणी वायफाय सर्वांत वाईट.

तिरकस

अवांतर: म्हणूनच मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर चालतो ना, पाण्याची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी.

बिनतारी

@तिरकस, नाही हो. पाण्याचा तिथे रेझोनन्स वगैरे काही नाही. पाण्याचे रेणू बदलत्या क्षेत्राबरोबर वळायला बघतात आणि मागे पडतात, त्यात ऊर्जा मुरते. हे फार मोठ्या पट्ट्यात होतं. २.४५ निवडली कारण तो पट्टा औद्योगिक आणि घरगुती वापराला मोकळा ठेवलेला आहे. वायफायही त्याच कारणाने तिथे आलं. पण गच्चीकर, तुमचं स्वयंपाकघर राउटरला लागून असेल आणि ओव्हन चालू असताना पिंग आणखी गळत असेल तर दचकू नका.

चौकस

मग सरळ रिपीटर लावा की जिन्यात.

खुंटी

@चौकस, आधी पत्रा काढू द्या. एक बिघाड न समजता वर दुसरं यंत्र चढवलं की दोन बिघाड होतात.

गच्चीकर

बिनतारी काका, टाकीचं अगदी बरोबर निघालं! पेटी नेमकी टाकीच्या पलीकडे होती. सेन्सरची वायर आखूड पडू नये म्हणून तिथे ठोकली होती. आता प्लॅस्टिकचा बॉक्स आणला, जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर अलीकडून लावला आणि सेन्सरची वायर वाढवली. आरएसएसआय उणे ६८ ते ७०, टाकी भरलेली असो की रिकामी.

पिंगचं गळणं जवळजवळ थांबलं. पण मूळ दुखणं पूर्ण गेलं नाही. आता त्याला एक लय दिसतेय. फोनवरून पान नुकतंच पाहिलं असेल तर लगेच पुन्हा उघडतं. तासाभराने उघडायला गेलं तर पहिले काही प्रयत्न वाया. आणि विचित्र म्हणजे बोर्ड इंटरनेटवरून वेळ आणतो (एनटीपी), ते कधीच चुकत नाही. बोर्डाला जग दिसतं, जगाला बोर्ड दिसत नाही.

पॅकेटवाली

नोकरी नेटवर्क ऑपरेशन्सची, म्हणून न राहवून लिहितेय.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. बोर्डाने स्वतः सुरू केलेलं संभाषण होतं, बाहेरून कोणी सुरू केलं तर होत नाही. आणि थोड्या वेळापूर्वी बोलणं झालं असेल तर बाहेरूनही होतं. ही एआरपीची सही आहे.

तुमच्या फोनला १९२.१६८.१.५० हा आयपी माहीत आहे, पण वायफायवर पॅकेट पाठवायला मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा कायमचा क्रमांक) लागतो. तो माहीत नसेल तर फोन सगळ्यांना उद्देशून विचारतो की हा आयपी कोणाचा. गल्लीत उभं राहून घरनंबर ओरडण्यातला प्रकार. ज्याचा असेल त्याने ओ द्यायची. मिळालेलं उत्तर फोन थोडा वेळ लक्षात ठेवतो, म्हणून नुकतं पाहिलेलं पान लगेच उघडतं. ती नोंद शिळी झाली की पुन्हा ओरडणं आलं.

आता गोम बघा. एकाला उद्देशून पाठवलेल्या पॅकेटची वायफायमध्ये पोच यावी लागते. नाही आली तर राउटर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्याची पोच नसते. एकदा हवेत सोडलं, कोणी ऐकलं नाही तर गेलं. त्यात ८२६६ चा रेडिओ आपणहून डुलक्या काढतो. मोडेम स्लीप म्हणतात, आर्डुइनोमध्ये ती सुरुवातीपासून चालूच असते. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन पाठवतो आणि सगळ्यांसाठीची पॅकेटं साठवून ठरावीक बीकनच्या पाठोपाठ सोडतो. त्या क्षणी बोर्ड जागा असायला हवा आणि पहिल्याच फटक्यात नीट ऐकू यायला हवं. एक चुकलं की तुमच्या फोनवर चक्र फिरत बसतं. तुमचं ३००-४०० मिलिसेकंदांचं पिंगही बहुतेक याच डुलक्यांचं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. पान उघडत नसेल तेव्हा लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी -ए द्या. बोर्डाच्या आयपीसमोर मॅक पत्ता नसेल तर संशय बळावला. मग ॲडमिन म्हणून एआरपी -एस देऊन तो आयपी आणि बोर्डाचा मॅक हाताने नोंदवा (मॅक सिरियलवर छापता येतो, राउटरच्या यादीतही असतो). तेवढ्याने पान उघडलं तर शंका फिटली.

ठिबकताई

@पॅकेटवाली, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. एक शंका. माझं पान तर कधीच उघडत नाही, बोर्ड जोडलेला असूनही. तेही हेच का?

पॅकेटवाली

ठिबकताई, 'कधीच नाही' आणि 'अधूनमधून नाही' ही वेगळी दुखणी. कधीच नसेल तर बोर्ड गेस्ट नेटवर्कवर आहे का पाहा. गेस्टमध्ये बहुतेक राउटर एका यंत्राला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत, फक्त इंटरनेट देतात. काही राउटरवर साध्या नेटवर्कलाही तसा पर्याय असतो, 'आयसोलेशन' अशा नावाखाली. शिवाय फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा. वायफायवर इंटरनेट नाही असं वाटलं की काही फोन गुपचूप डेटावर उडी मारतात आणि तिथून १९२.१६८ चा पत्ता सापडणं शक्यच नाही.

ठिबकताई

गेस्टच निघालं! 'ही असली यंत्रं वेगळी ठेवावीत' असं कुठेतरी वाचून मीच तिथे टाकलं होतं. सल्ला चुकीचा नव्हता, पण मग पान बघायला फोनही गेस्टवर नेऊन उपयोग नाही हे कोणी लिहिलं नव्हतं. आभार.

गच्चीकर

@पॅकेटवाली ताई, साष्टांग. एआरपी -ए मध्ये बोर्डाचा पत्ताच नव्हता. हाताने नोंदवला आणि पान त्याच क्षणी आलं. आता फोनवर हे कसं करू?

पॅकेटवाली

फोनवर करायचंच नाही, बोर्डाची झोप उडवायची. वायफाय.बिगिन() च्या आसपास वायफाय.सेटस्लीपमोड(वायफाय_नन_स्लीप) एवढी ओळ. ईएसपी३२ वाल्यांसाठी वायफाय.सेटस्लीप(फॉल्स). किंमत विजेची: डेटाशीटप्रमाणे मोडेम स्लीपमध्ये सुमारे १५ मिलिअँपिअर, रेडिओ सतत ऐकत राहिला तर ५० च्या पुढे. बॅटरीवर असता तर मी हे सुचवलं नसतं. तुम्ही चार्जरवर आहात, चैन करा.

आणखी एक आधार म्हणून बोर्डाने दर मिनिटाला आपणहून 'हा आयपी माझा, हा माझा मॅक' अशी घोषणा करावी. ग्रॅट्युइटस एआरपी म्हणतात, ८२६६ च्या नेटवर्क लायब्ररीत त्याचं फंक्शन आहे. पण आधी झोप घालवून बघा, बहुतेक तेवढ्याने भागेल.

राउटरमध्ये मॅकवरून आयपी पक्काही करून टाका. नाहीतर कधीतरी राउटर बंद-चालू झाला की बोर्डाला दुसराच पत्ता मिळेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल. नावाने उघडायची हौस असेल तर एमडीएनएसने टाकी.लोकल असं देता येतं, पण ८२६६ वर लूपमध्ये एमडीएनएस.अपडेट() हवं आणि जुन्या अँड्रॉइड फोनांना .लोकल समजत नाही.

तिरकस

एवढा खटाटोप कशाला? मुळात बोर्डावर वेबसर्व्हर चालवणं हाच उलटा कारभार. बोर्डाने फक्त पातळी एमक्यूटीटीने (यंत्रांनी छोटे निरोप पाठवायची पद्धत) पाठवावी. घरात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवा, त्यावर मॉस्किटो (निरोप घेऊन वाटणारा प्रोग्राम) आणि होम असिस्टंट (घरातली यंत्रं एका पानावर दाखवणारा). बोर्ड स्वतः जोडणी उघडतो, बाहेरून कोणी त्याला शोधत नाही, एआरपीचा प्रश्न आपोआप मिटतो. आणि पानंही देखणी दिसतात.

खुंटी

@तिरकस, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि मोठ्या घरात मीही तेच करीन. पण एका टाकीसाठी पाय, त्याचं मेमरी कार्ड, त्याची वीज आणि त्याचे अपडेट सांभाळायचे? एका बोर्डाचं एक पान ही गोष्ट छान आहे. बिघडलं तर एकच जागा बघायची.

मात्र दोन्ही पद्धतींत एक गोष्ट पक्की हवी: टाकी भरल्यावर मोटर बंद करायचा निर्णय बोर्डाने स्वतः, वायफाय असो वा नसो, घ्यायचा. पान फक्त बघायला आणि हाताने ढकलायला. आणि सेन्सर वेडा झाला तर शेवटचा पहारेकरी म्हणून टाकीत साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून उलटणारा), तो थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत. अल्ट्रासॉनिकवर वाफ धरते, कोळी जाळं विणतो, तो खोटं बोलू शकतो.

तिरकस

फ्लोट स्विचला +१. बाकी मतभेद कायम.

गच्चीकर

झोप घालवल्यापासून पान सांगितल्या वेळी उघडतं. पिंग १० मिलिसेकंदांच्या आत.

पण आता झाकली मूठ उघडली म्हणायचं. मोटर चालू केली की काही वेळा पान गायब होतं आणि सिरियलवर बोर्ड पुन्हा सुरू झालेला दिसतो. सुरुवातीला काही अगम्य अक्षरंही येतात. रिले डी३ वर आहे. कोडही टाकतो आता, शब्दांत: लूपमध्ये सेन्सरच्या १० मोजण्या पल्सइन() ने घेऊन सरासरी, मग डिले(५०००), मग सर्व्हर.हँडलक्लायंट().

खुंटी

अगम्य अक्षरं घाबरण्यासारखी नाहीत. ८२६६ सुरू होताना ७४८८० बॉडवर (सिरियलचा वेग) बोलतो आणि तुमचा मॉनिटर ११५२०० वर असतो. एकदा मॉनिटर ७४८८० वर लावून बघा, रीसेटचं कारण वाचता येईल. ईएसपी.गेटरीसेटरीझन() नेही छापता येतं. 'वॉचडॉग' दिसलं तर कोड अडकतोय, नाहीतर विजेकडे बघा.

माझी पैज विजेवर. रेडिओ पाठवतो तेव्हा ८२६६ क्षणभरासाठी काही शे मिलिअँपिअर ओढतो. लांब, बारीक यूएसबी केबलमध्ये ५ व्होल्टचे बोर्डापाशी साडेचारही उरत नाहीत. बोर्डावरच्या रेग्युलेटरला ३.३ द्यायला वर साधारण १.१ व्होल्टची जागा लागते. म्हणजे ४.४ च्या खाली गेलात की चिप उपाशी. त्यात त्याच ५ व्होल्टवर रिलेची कॉइल. रिले ओढला की व्होल्टेज बसतं आणि बोर्ड कोलमडतो. मल्टिमीटर बोर्डाच्या व्हिन आणि ग्राउंडवर लावून रिले ओढताना बघा. मीटर हळू असतो, त्याला दिसेल त्यापेक्षा खरी घसरण जास्तच समजा.

चार्जर बोर्डाजवळ आणा, केबल आखूड आणि जाड करा, बोर्डापाशी ५ व्होल्टवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. कॉन्टॅक्टरची कॉइल तुटताना जो झटका येतो त्यासाठी कॉइलला समांतर आरसी स्नबर बसवा, तयार मिळतो. हे २३० व्होल्टचं काम आहे. मेन बंद करून, आणि हात बसलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून.

डी३ वरून रिले आजच काढा. डी३, डी४ आणि डी८ या पिना चिप कुठल्या मोडमध्ये सुरू व्हायचं ते ठरवतात. तिथे रिले लावला की कधी बोर्ड सुरूच होत नाही, कधी सुरू होताना रिले खडखडतो, म्हणजे तुमची मोटर. डी१ किंवा डी२ घ्या.

आणि कोड. पल्सइन() ला तिसरा आकडा दिला नाही तर प्रतिध्वनी न आल्यास तो पूर्ण १ सेकंद ताटकळतो. १० मोजण्या म्हणजे वाईट दिवशी १० सेकंद, वर तुमचे डिलेचे ५. एवढा वेळ पान मागणारा दारात उभा. डिले() चालू असताना मागे वायफायचं काम चालतं, म्हणून पिंग नीट आणि पान ढिम्म असं दिसतं. मी वर चौथी पायरी म्हटली ती हीच. पल्सइनला ३०००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या. आवाज तेवढ्यात जाऊन-येऊन ५ मीटरपर्यंतची टाकी मोजतो, तुमची टाकी तेवढी खोल नक्कीच नाही. डिले काढा, मिलिस() वर (बोर्डाचं घड्याळ) हिशोब ठेवून दर २ सेकंदांनी एकच मोजणी करा, मागच्या काही मोजण्यांचा मधला आकडा धरा. हँडलक्लायंट() प्रत्येक फेरीत.

बिनतारी

सेन्सर ५ व्होल्टवर असेल तर त्याच्या एको पिनचंही बघा. ८२६६ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवून घ्या. चालतंय म्हणून चालवू नये.

रात्रपाळी

रच्याकने, ब्राउझर प्रत्येक पानामागे आपणहून फेव्हिकॉनही (टॅबवरचं छोटं चित्र) मागतो. साधं वायफायसर्व्हर वापरून 'कोणतीही विनंती आली की बटण दाबलं समजायचं' असं लिहिलं असेल तर एका टिचकीला मोटर दोनदा बदलते. माझ्या गॅरेजच्या दिव्याचं हेच होत होतं. गेट विनंतीवर (नुसतं पान मागणारी) मोटर चालवूच नका, पोस्ट (काहीतरी करायला सांगणारी) ठेवा. नाहीतर फोनने जुना टॅब आपणहून ताजा केला की मोटर सुरू.

गच्चीकर

सगळं केलं. बोर्डापाशी रिले ओढताना ४.२ दिसत होते, आता चार्जर त्याच बॉक्सच्या मागे आतल्या बाजूला आहे आणि ४.९ च्या खाली काटा जात नाही. इलेक्ट्रिशियनने स्नबर आणि फ्लोट स्विच बसवले. बोर्ड आता मोटरीबरोबर पडत नाही. पानही झटपट.

शेवटचं विचारतो: पुण्यात असताना हे पान बघायचंय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली विनंती बोर्डाकडे वळवली) पण बाहेरून लागत नाही.

पॅकेटवाली

राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुमची इंटरनेट कंपनी एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय. सीजीनॅट म्हणतात. तिथे तुमच्या घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, वरच्या दारावर तुमचा ताबा नाही.

आणि खरं सांगू? नाही लागलं ते बरं झालं. पासवर्ड नसलेलं, एचटीटीपीवरचं, मोटर चालू करणारं बटण इंटरनेटवर टांगू नका. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. बोर्डाने पातळी टेलिग्राम बॉटवर पाठवावी, तेवढं पुरतं. पानच हवं असेल तर घरातल्या एखाद्या कायम चालू यंत्रावर वायरगार्डच्या जातीचं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा खाजगी बोगदा) लावा. पण सीजीनॅटमुळे मधे खरा पत्ता असलेलं तिसरं यंत्र किंवा तशी सेवा लागेल.

तिरकस

घरातलं एखादं कायम चालू यंत्र. उदाहरणार्थ, रास्पबेरी पाय.

खुंटी

@तिरकस, बरं बाबा.

ठिबकताई

गच्चीकर, तो प्लॅस्टिकचा बॉक्स पावसात टिकतो का? माझा बाल्कनीत असून आत मुंग्या शिरल्या.

गच्चीकर

ठिबकताई, वायर वरून किंवा बाजूने आत घेतलीत तर पाणी वायरीवरून ओघळून आत जातं. मी भोकं तळाशी पाडली, केबल ग्लँड लावले आणि वायरीला बाहेर खाली झोळ देऊन मग वर आत घेतलं. मुंग्यांसाठी ग्लँडमधली उरलेली फट सिलिकॉनने भरली. फक्त तळाला एक अगदी बारीक भोक, आतून जाळी चिकटवून, मोकळं ठेवलंय. पूर्ण बंद केला तर दुपारच्या उन्हानंतर आत दव धरतं. सिलिकॉन साधा आंबट वासाचा घेऊ नका, त्याच्या वाफेने तांब्याला गंज चढतो. न्यूट्रल असं लिहिलेला मागा.